म्युनिक ते व्हेनिस मोटारप्रवासाची आखणी

म्युनिकहून ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग, स्लोव्हेनियातील ब्लेड सरोवर आणि पुढे व्हेनिस असा मोटारप्रवास ठरवताना शेंगेन व्हिसाचा अर्ज सर्वाधिक दिवस मुक्काम असलेल्या देशाकडे करावा आणि आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून घ्यावा. भाड्याची गाडी म्युनिकलाच परत करणे बरे, कारण दुसऱ्या देशात सोडल्यास सहसा जबर शुल्क पडते. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे मुदतीचा टोल-परवाना, लागतो; स्लोव्हेनियात मोटारीसाठी तो किमान ७ दिवसांचाच मिळतो, मग तुम्ही दोनच दिवस का राहीनात. या दोन देशांना जोडणाऱ्या कारावांकेन बोगद्याचा टोल मात्र वेगळा भरावा लागतो. व्हेनिसच्या जुन्या शहरात गाडी चालतच नाही; ती शहराच्या तोंडाशी असलेल्या पियाझाले रोमा चौकापाशी उभी करावी किंवा आधीच मुख्य भूमीवरील मेस्त्रेला उभी करून पुढे रेल्वेने जावे.