पाचटाला काडी लावण्याआधी: सोलापूर जिल्ह्यासाठी उन्हाळी सल्ला

फेब्रुवारी सरत आला की जिल्ह्यात कुठेही उभे राहा, संध्याकाळी दोन-चार ठिकाणी धूर दिसतोच. कुठे ऊस गेलेल्या रानात पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलेले असते, कुठे बांध, कुठे गायरानातले कुसळी गवत. कॅनडात २०२३ मध्ये जंगले पेटली, तेव्हा तिथला धूर न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला होता. आपल्याकडे तेवढे जंगल नाही. आपला धूर बहुतेक वेळा कुणीतरी हाताने लावलेल्या काडीचा असतो.

मागच्या वर्षी पाऊस भरपूर झाला म्हणून निर्धास्त राहू नका. ज्या माढा-करमाळ्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, त्याच भागात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचे पाणी रानात घुसले. पाऊस जास्त झाला की माळावर गवत कमरेला लागते आणि मार्चमध्ये तेच वाळून सरपण होते. चांगल्या पावसानंतरचा उन्हाळा आगीच्या दृष्टीने जास्त वाईट असतो, हे ध्यानात ठेवा.

आता पाचटाचे. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे एकरी १५ ते २० किलो. पेटवले की ते जवळजवळ सगळे हवेत जाते. पालाश राखेत उरते, पण ती राखही एप्रिलच्या वावटळीत शेजाऱ्याच्या रानात पोहोचते. वर जमीन उघडी पडते ती वेगळीच. चाळीसच्या वर पारा गेल्यावर उघड्या सरीतली ओल किती दिवस टिकते ते तुम्हाला सांगायला नको. सोलापुरात वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यावर आपण ऊस करतो! असे असताना फुकटचे आच्छादन जाळून टाकणे मला तरी पटत नाही.

खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) ठेवणार असाल तर तोड झाल्याबरोबर पाचट सरीत दाबा आणि बुडखे मोकळे करा. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, म्हणजे फुटवा जमिनीतून जोमदार येतो. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे कल्चर शेणकाल्यात कालवून टाका आणि लगेच पाणी द्या. पाटपाणी असेल तर पाचटामुळे पाणी पुढे सरकत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे एका सरीत पाचट भरायचे, शेजारची मोकळी ठेवायची आणि पाणी मोकळ्या सरीतून द्यायचे. ठिबकवाल्यांना हा त्रास नाही. उलट पाचट पेटवताना ठिबकची एखादी लॅटरल (नळी) रानात राहिली तर काय होते, ते अनेकांनी बघितले आहे: नळी वितळून काळ्या गोळ्या बुडख्यांना चिकटलेल्या असतात आणि नवी नळी घेण्याचा खर्च पाचट पसरण्याच्या मजुरीपेक्षा जास्त होतो.

मात्र एक धोका आहे. पसरलेले कोरडे पाचट ओले होईपर्यंत पेटायला तयारच असते. म्हणून पहिले पाणी लांबवू नका. रस्ता, बांध आणि विजेच्या तारांखालची दहा फूट पट्टी पाचट ओढून स्वच्छ ठेवा आणि तेवढ्यात रोटाव्हेटर मारून घ्या. शेजारी पेटवणार असेल तर त्याची तोड लागण्याआधीच जाऊन बोला. काडी लावल्यावर बोलण्यात अर्थ नाही. डाळिंब-द्राक्षवाल्यांकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर (फवारणीचे यंत्र) असतो. उन्हाळाभर दुपारी त्याची टाकी साध्या पाण्याने भरून ठेवा. बांधावरची आग सुरुवातीलाच विझवायला यापेक्षा कामाचे यंत्र गावात दुसरे नाही. जोडीला ओली पोती आणि लिंबाच्या डहाळ्या हव्यातच. वाऱ्याच्या तोंडी उभे राहून मात्र कुणी आग झोडपू नये.

कडब्याची एकच मोठी गंज लावू नका. दोन-तीन लहान गंजी लावा, त्यांत वीस-पंचवीस फूट अंतर ठेवा आणि वरून तार जात नाही ना ते बघा. ज्वारीच्या पट्ट्यातल्या मंगळवेढ्याकडच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. दुष्काळात ज्वारी विकत मिळते, कडबा मिळत नाही. उसाचे वाढे (हिरवे शेंडे) खाऊ घालत असाल तर सोबत खनिज मिश्रण द्या, वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जनावरांना कॅल्शियम कमी पडते.

ज्यांना पाचट नको आहे, त्यांच्याकडून डाळिंबवाल्यांनी ते जरूर उचलावे. माळशिरस-पंढरपूरचे पाचट सांगोल्याच्या बागेत आळ्यात पडले तर दोघांचेही भले. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोडाला भुंगेऱ्याने पाडलेली छिद्रे दिसायची नाहीत. डाळिंबाच्या आंबे बहराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळे उन्हाने चट्टे पडून वाया जातात. त्यासाठी केओलीनची फवारणी किंवा फळांना पिशव्या. अधिक माहितीसाठी केगावचे डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दाराशीच आहे.

बेदाणा शेडवाल्यांनी धुराकडे जास्त लक्ष द्यावे. डिपिंग ऑइलमध्ये (द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून वापरायच्या द्रावणात) बुडवलेले मणी पहिले काही दिवस चिकट असतात. त्यावर पाचटाची काळी काजळी बसली की ती धुऊन निघत नाही आणि प्रतवारीत माल मागे पडतो. वाऱ्याच्या बाजूला शेडनेट दुहेरी लावा.

माणसांचे सांगायचे तर, धुरातले बारीक कण ओल्या गमजाने किंवा पदराने अडत नाहीत. त्याला एन-९५ मास्कच लागतो. पहाटे हवा गार आणि पडलेली असते, त्यामुळे रात्रीचा धूर जमिनीलगत साचून राहतो. दमा असणाऱ्यांनी अशा वेळी दारे धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाऊ नये. उसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) फडाशेजारीच असतात आणि त्यांत तान्ही पोरे असतात. फड पेटवायचा विचार मनात येईल तेव्हा आधी तिकडे बघा. गोठ्यात डासांसाठी शेणाची धुरी करता, तेव्हा दार-खिडकी उघडी ठेवा. धुराच्या दिवशी बैलांना जड कामाला जुंपू नका, पाणी पुढ्यात ठेवा.

मार्चअखेर विहिरीवर मोटर सलग किती वेळ चालते ते बघून लिहून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा. वेळ झपाट्याने घटत असेल तर खोडव्यातला एखादा एकर आत्ताच चाऱ्याला तोडा आणि राहिलेल्याला पाणी पुरवा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता, म्हणजे उपयुक्त पाणी संपून मृतसाठाही घटला होता. कालव्याच्या आवर्तनाच्या (ठरावीक पाळीने सुटणाऱ्या पाण्याच्या) भरवशावर सगळा ऊस धरून बसलेल्यांचे काय झाले, ते लोक विसरले नसतील.

तारांच्या घर्षणाने ऊस किंवा गंज पेटली तर राख हलवण्याआधी फोटो काढा, त्याच दिवशी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, पोलिसांत खबर द्या आणि वीज कंपनीला लेखी अर्ज करून पोच घ्या. भरपाईच्या वेळी विद्युत निरीक्षकाचा अहवालही लागतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगत किंवा वनखात्याच्या रानात आग दिसली तर १९२६ वर कळवा. जळालेला ऊस उभा ठेवू नका. कारखाना कपात करतोच, पण दिवस जातील तसे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घसरतात, म्हणून शेतकी विभागाला त्याच दिवशी कळवून तोड मागून घ्या.