गुदद्वाराजवळचं गळू: ठणका थांबला म्हणजे बरं झालं असं धरून चालू नका, या चुका टाळा

शौचाच्या जागेजवळ गळू झालं की बहुतेक लोकं लाजेपायी गप्प बसतात. घरात सांगायचं कसं, डॉक्टरकडे गेलं तर दाखवावं लागणार, मग एका कुशीवर झोपून आणि खुर्चीच्या कडेला टेकून दिवस ढकलायचे आणि तोवर आत पू वाढत राहतो. सर्जनसाठी हे रोजचं काम आहे, तपासणीला फार वेळही लागत नाही, त्यामुळे प्लीज हे दुखणं अंगावर काढू नका. आणि अस्वच्छतेमुळे झालं असंही मनाला लावून घेऊ नका. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबते, तिथे इन्फेक्शन होतं आणि पू स्नायूंच्या मधून वाट काढत कातडीखाली येतो. बहुतेक गळवं अशीच होतात, कितीही स्वच्छ राहणाऱ्या माणसालाही होतात.

पुढची चूक म्हणजे मूळव्याध समजून मेडिकलमधून मलम आणून लावत बसणं. फिशरचं, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेल्या चिरेचं, दुखणं शौचाच्या वेळी कापल्यासारखं असतं आणि नंतर काही वेळाने, कधी काही तासांनी, कमी होतं. आतल्या मूळव्याधीत बऱ्याचदा दुखत नाही, रक्त जातं. गळवाचं तसं नाही, ते बसलं तरी ठणकतं, झोपलं तरी ठणकतं, खोकला आला तरी कळ जाते आणि दिवसागणिक वाढतच जातं. हात लावला तर जागा गरम, लाल, टणक लागते, कधी ताप येतो. पण गळू खोल असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त आत जड दुखणं आणि ताप, आणि अशा पेशंटला "काही नाहीये तिथे" म्हणून घरी पाठवलं जाण्याची शक्यता जास्त. असं झालं तर दुसऱ्या सर्जनला दाखवा, गरज वाटली तर ते एमआरआय किंवा सीटी स्कॅन करून बघतात.

आता अँटिबायोटिक. गोळ्या घेतल्या की बसून जाईल ही आशा सगळ्यांनाच असते पण पू साचलेल्या पोकळीत रक्तपुरवठाच नसतो, औषध तिथे नीट पोचत नाही. चार दिवस ठणका कमी होतो, वाटतं सुटलो, आणि कोर्स संपला की परत तेच, कधी आधीपेक्षा मोठं. उपाय एकच, चिरा देऊन पू बाहेर काढणं. डायबेटिस असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, ताप असेल किंवा आजूबाजूची कातडी लालेलाल झाली असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण ते चिऱ्याच्या जोडीला, चिऱ्याऐवजी नाही. घरी सुई टोचणं, दाबून पिळणं हे तर अजिबात नको, त्याने इन्फेक्शन आणखी आत आणि आजूबाजूला पसरू शकतं.

कधीकधी गळू आपोआप फुटतं. एवढा पू जातो आणि इतकं हलकं वाटतं की माणूस डॉक्टरची अपॉइंटमेंटच रद्द करतो, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त लोकं इथेच फसतात. आपोआप पडलेलं भोक बारीक असतं, ते वरून मिटतं आणि आत राहिलेला पू पुन्हा साचायला लागतो. फुटलं तरी दाखवायला जायचंच.

ऑपरेशननंतर घाबरवणारी गोष्ट म्हणजे जखम उघडीच ठेवलेली असते, टाके नसतात. ते मुद्दाम असतं. जखम आतून बाहेर भरत आली पाहिजे, वरची कातडी आधी जुळली तर खाली पोकळी राहते. त्यामुळे काही दिवस, कधी काही आठवडे, पिवळसर किंवा थोडं रक्ताळ पाणी येत राहणं नॉर्मल आहे, त्यासाठी अंडरवेअरमध्ये सॅनिटरी पॅड लावा, पुरुषांनीसुद्धा, लाजू नका. पूर्ण भरायला जखमेच्या आकाराप्रमाणे साधारण ३ ते ८ आठवडे लागतात. जखमेच्या आत गॉज (जाळीदार कापडी पट्टी) भरलं असेल तर कोरडं ओढून काढू नका, भयंकर दुखतं. काढायच्या अर्धा-पाऊण तास आधी सांगितलेली पेनकिलर घ्यायची, कोमट पाण्यात बसून ते भिजू द्यायचं आणि मग हळूहळू सोडवायचं. हल्ली बरेच सर्जन गॉज भरतही नाहीत, तेव्हा तुमचं भरलं नाही म्हणून स्वतःच्या मनाने कापूस आत कोंबू नका.

कोमट पाण्याच्या टबात १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा आणि शौचाला जाऊन आल्यावर. पाणी कोमट म्हणजे कोमटच, आधी मनगटाला लावून बघा, डायबेटिसमुळे संवेदना कमी झालेल्यांना भाजलेलं कळतही नाही. डेटॉल-सॅव्हलॉन घालायची गरज नाही, नुसतं पाणी पुरे. नंतर घासायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं. जखम स्वतःला दिसत नाही म्हणून मोबाईलवर रोज एक फोटो काढून ठेवा, लाली वाढतेय की कमी होतेय ते लगेच कळतं आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं.

दुखेल या भीतीने शौच दाबून ठेवणं ही पण मोठी चूक, मग खडा होतो आणि दुप्पट त्रास. भरपूर पाणी, फायबर, आणि डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून घ्या, ट्रामाडॉलसारख्या पेनकिलर चालू असतील तर नक्कीच, कारण त्यांनी पोट घट्ट होतं. सिगारेट ओढत असाल तर निदान जखम भरेपर्यंत तरी बंद करा. आणि शुगर तपासा, आधी कधी तपासली नसेल तरी, काहींना डायबेटिस आहे हे अशा गळवामुळेच पहिल्यांदा कळतं.

थंडी वाजून ताप, काही तासांत पसरत जाणारी लाली, कातडी काळपट पडणं, सूज जननेंद्रियाकडे सरकणं, लघवी अडकणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीत न्या. डायबेटिसवाले आणि केमो चालू असलेले यांच्यात हे फार झपाट्याने बिघडू शकतं.

शेवटची चूक म्हणजे फॉलोअप सोडून देणं. नीट ऑपरेशन होऊनही साधारण ३० ते ५० टक्के लोकांना पुढे भगंदर होतं, म्हणजे आतल्या ग्रंथीपासून कातडीपर्यंत एक नळी तयार होते. ही तुमची चूक नसते आणि सर्जनचीही असेलच असं नाही. तीच जागा भरते, पुन्हा फुगते, थोडा पू येऊन बसते, असं चक्र चालू झालं किंवा दोन महिने होऊनही ओल थांबत नसेल तर दर वेळी नुसती गोळी मागू नका, "भगंदर आहे का, एमआरआय करायचा का" असं सरळ विचारा. सोबत बरेच दिवस जुलाब, पोटदुखी, वजन उतरणं असेल तर तेही सांगा, कारण आतड्याच्या क्रोन्स आजारातही अशी गळवं पुन्हा पुन्हा होतात आणि मग त्याचे उपचार वेगळे असतात.