मुलांच्या हातातला फोन: आधी खातं, मग वायफाय, मग पळवाटा

फिल्टर लावण्याआधी मुलाचं खातं तपासा. गूगल खातं घाईघाईत मोठ्या माणसाची जन्मतारीख टाकून उघडलेलं असेल, तर वयानुसार लागणारे निर्बंध त्याला लागतच नाहीत. खरी तारीख टाका आणि स्वतःच्या फोनवरून ते खातं फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या सेवेला जोडा. तिथली अ‍ॅपच्या परवानगीची अट फक्त नव्या अ‍ॅपना लागू होते, जुनी तशीच चालू राहतात. म्हणून यादी उघडून एकेक अ‍ॅप बघा आणि नको ते तिथूनच ब्लॉक करा.

आयफोनवर हेच काम स्क्रीन टाइम करतं. त्याचा पासकोड फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा हवा. तो ठरवताना, विसरल्यास उपयोगी पडावं म्हणून अ‍ॅपल खातं विचारलं जातं. तिथे मुलाचं खातं दिलं, तर तो पासकोड स्वतःच बदलू शकतो.

आता वायफाय. राउटरवरचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदललं की टीव्ही, टॅबलेट, लॅपटॉप सगळ्यांना एकदम फिल्टर लागतो. क्लाउडफ्लेअरचं मोफत डीएनएस यासाठी चांगलं आहे: पहिला पत्ता १.१.१.३, दुसरा १.०.०.३. ते मालवेअरच्या (हानिकारक सॉफ्टवेअरच्या) आणि अश्लील साइट अडवतं. (१.१.१.२ फक्त मालवेअर अडवतं, गल्लत होऊ देऊ नका.) ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राउटरचं पान उघडा. नेमका पत्ता बहुतेक वेळा राउटरखालच्या स्टिकरवर असतो. डीएनएसचे दोन रकाने दिसतील, ते दोन्ही भरा. दुसऱ्यात जुना पत्ता राहिला तर फिल्टर कधी लागतो, कधी लागत नाही, आणि कारण शोधताना नाकी नऊ येतात. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचं डीएनएसही बदलावं लागतं. अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला. मूळचा त्याच स्टिकरवर छापलेला असतो आणि तो मुलांनाही वाचता येतो.

एवढं करूनही पळवाटा उरतातच. मोबाइल डेटा चालू केला की राउटरचा संबंधच संपतो. त्यावर उपाय अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच आहे: नेटवर्क सेटिंगमधल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये family.cloudflare-dns.com हे नाव भरा, म्हणजे डेटावरही फिल्टर राहील. ब्राउझरचं ‘सिक्युअर डीएनएस’ दुसऱ्या कंपनीवर ठेवलेलं असेल किंवा नेटची वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारं व्हीपीएन अ‍ॅप असेल, तर मात्र हा फिल्टर सरळ ओलांडला जातो. आणि डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं, यूट्यूबच्या आत काय चाललंय ते नाही. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्समध्ये फक्त तुम्ही निवडलेले व्हिडिओ दिसतील असं सेटिंग आहे. त्यात सर्चही बंद होतो. आमच्या मते अगदी लहान वयात तेच ठेवावं.

गेममधली चॅट ओळखीच्या मित्रांपुरतीच ठेवा. अनोळखी माणूस ‘चल, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू’ म्हणाला की लगेच घरी सांगायचं, हे मुलांच्या मनावर पुन्हा पुन्हा बिंबवा.

फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका; एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चॅट डिलीट करू नका. धमकीचा मजकूर, यूजरनेम आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, अ‍ॅपवर आणि पोलिसांकडे तक्रार करा, मग ब्लॉक करा. तो फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. फोन काढून घेतील या भीतीनेच मुलं गप्प बसतात, म्हणून ‘काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, फोन काढून घेणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा आणि तो शब्द पाळा. १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, फक्त त्याची डिजिटल खूण पाठवली जाते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून आपल्या साइटवरचा फोटो शोधून काढतात. एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येणाऱ्या खासगी मेसेजमध्ये ही सेवा पोचत नाही.