ग्रीनलंड समुद्राचा आर्गो डेटा वापरताय? या चुका टाळा

आर्गो फ्लोट म्हणजे समुद्रात सोडून दिलेली एक उभी नळकांडी, साधारण 1000 मीटरवर वाहत राहते, दर 10 दिवसांच्या आसपास सुमारे 2000 मीटरपर्यंत खाली जाते आणि वर येता येता तापमान, क्षारता, दाब मोजून सॅटेलाइटला पाठवते. डेटा फुकट आहे, म्हणून आपण धडाधड डाउनलोड करतो आणि फसतो. कारण ग्रीनलंड समुद्राच्या खोल पाण्याची क्षारता 34.91 च्या आसपास असते आणि वर्षावर्षांचा फरक दशांशानंतर दुसऱ्या-तिसऱ्या घरात, म्हणजे सेन्सरची चूक आणि खरा बदल एकाच मापाचे.

माझंच सांगतो. सरळ पीसॅल (PSAL, म्हणजे फ्लोटने पाठवलेली कच्ची क्षारता) कॉलम उचलला, 1500 मीटरखाली क्षारता 34.91 वरून हळूहळू 34.94 ला चढलेली, मी खुश, गाईडना ग्राफ पाठवून मोकळा. त्यांनी एवढंच विचारलं, "शेजारचा फ्लोट काय म्हणतो?" शेजारचा ढिम्म होता. कंडक्टिव्हिटी सेल (ज्याच्या मोजमापावरून क्षारता काढतात तो सेन्सर) हळूहळू चुकीचं दाखवायला लागला होता, बाकी काही नाही. तेव्हापासून फक्त ॲडजस्टेड, म्हणजे दुरुस्त केलेला कॉलम (दाबाचा पण), डेटा मोड डी (तज्ज्ञांनी नंतर तपासलेला डेटा), फ्लॅग 1 (मोजमाप चांगलं असल्याची खूण), आणि एरर कॉलम (किती चूक असू शकते ते) बघितल्याशिवाय ग्राफ काढतच नाही.

पण ॲडजस्टेड म्हणजे ब्रह्मवाक्य पण नाही हां. ते करेक्शन जुन्या मोजमापांशी ताडून करतात, आणि इथलं तळाचं पाणी 1980 च्या दशकापासून खरंच गरम आणि खारट होत आलंय, कारण हिवाळ्यात वरचं पाणी पार तळापर्यंत बुडणं थांबलं. रेफरन्स जुना असेल तर खरा बदलच पुसला जाऊ शकतो, म्हणून जवळपासच्या ताज्या जहाजी सीटीडीशी (जहाजावरून खाली सोडून क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र) ताडून बघा.

ताडताना मात्र युनिट बघा! आर्गोची क्षारता प्रॅक्टिकल मोजपट्टीवर असते, जहाजाच्या फाईलमध्ये ॲब्सोल्यूट सॅलिनिटी (ग्रॅम प्रति किलोमधली क्षारता) असेल तर 34.91 चं 35.07 होतं, आणि लोक तासन्तास 0.16 चा "बायस" शोधत बसतात. तापमानाचंही तसंच, 2000 डेसिबारवर (डेसिबार हे दाबाचं एकक) मोजलेलं आणि पोटेन्शियल (तेच पाणी पृष्ठभागावर आणलं तर असेल ते) यात साधारण 0.1 अंशाचा फरक पडतो, इथे तो प्रचंड. आणि 2000 डेसिबार म्हणजे 2000 मीटर नव्हे, पंचवीस-तीस मीटर कमीच.

फ्लोट एका जागी नसतो हे तर सगळ्यांना माहीत असतं, तरी ट्रेंड काढताना सगळे विसरतात. नॉर्वेजवळच्या लोफोटेन खोऱ्यात एक कायमचा उबदार भोवरा आहे, फ्लोट त्यात शिरला की मधल्या खोलीचं पाणी एकदम गरम दिसतं, बाहेर पडला की पुन्हा थंड. आधी नकाशा काढा. आणि हिवाळ्यात बर्फाखाली असताना जीपीएस मिळत नाही, तेव्हाची पोझिशन अंदाजाने भरलेली असते, पोझिशन फ्लॅग 8 दिसला की तो बिंदू नकाशावर वेगळ्या रंगात टाका.