आवर्तन लांबलं आणि वळीव आला: आता कशाची घाई करायची, कशाची नाही

मे महिन्यात कालव्याचं आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, लांबतं, नदीतून मोटारीने पाणी उचलायला मनाई करणारा उपसाबंदीचा आदेश येतो, पिण्यासाठी पाणी राखून ठेवलं जातं. आणि नेमका त्यानंतर चार-आठ दिवसांत वळीव कोसळतो. बांधाला बांध लागून पाणी साचलेलं दिसलं की आता कसली बंदी, असं कुणालाही वाटेल. पण धरणाच्या हिशेबात हा पाऊस जवळजवळ नसतोच. तापून भेगाळलेली जमीन पहिलं पाणी स्वतःच पिऊन टाकते, ओढ्याला आलेला लोंढाही वाटेत जिरतो. शिवाय पैठणला पाऊस झाला म्हणून जायकवाडी भरत नाही. तिथलं पाणी नाशिक-अहिल्यानगरकडून यायचं असतं. उजनी धरणाचंही तसंच, ते पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाकडे डोळे लावून असतं. त्यामुळे आदेश मागे घेतला जाईपर्यंत मोटार टाकू नका आणि एका पावसाच्या भरवशावर कालव्याची पाणीमागणीही सोडू नका.

उभ्या पिकाला मिळालेलं पाणी मात्र खरं आहे, त्याचा नीट हिशेब मांडा. २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर पाणी. एवढ्या पावसानंतर विहिरीवरची पाळी चुकवायला हरकत नाही, पण किती दिवस, ते जमिनीला विचारा. सोलापूर-बीडकडे मे महिन्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं. उघड्या रानाची वरची ओल तीन-चार दिवसांत उडते, पाचट अंथरलेल्या उसात ती बरीच जास्त टिकते. म्हणून कुदळीने वीतभर खणा आणि मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटाने टोकल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे पुरेशी ओल आहे, पाणी नको. बोटांना चिकटली तर अजून थांबा. गोळाच होत नसेल तर पाऊस वरच्या वर गेला असं समजा. या दिवसांत विहिरीत वाचलेलं पाणी जपून ठेवा, त्याची गरज जूनमध्ये पडते.

ती कशी पडते, हे २०२५ साली सगळ्यांनी पाहिलं. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून. रोहिणी नक्षत्र लागता लागताच राज्यभर सरी आल्या आणि मग मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत मॉन्सूनची वाटचाल थबकली. अशा उघडिपीत कोवळं रोप वाचत नाही आणि दुबार पेरणी गळ्यात येते. बियाणं, खत, मजुरी, सगळं दुसऱ्यांदा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि पुरेशी खोल ओल झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी नको. शेजाऱ्याने तिफण जुंपली म्हणून आपण जुंपायची नाही. कपाशीची लवकर लागवड तर गुलाबी बोंडअळीला आयतं आवतण ठरते.

थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही. घरचं सोयाबीन पेरणार असाल तर उगवण आत्ताच तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवडाभराने मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरेल. साठ ते सत्तरच्या मध्ये असतील तर बियाणं वाढवा, त्याखाली असतील तर ते पेरूच नका.

आणि ज्या कामाला खरोखर घाई हवी ते हुमणीचं, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचं. पहिला दमदार वळीव झाला की त्याच संध्याकाळपासून दिवेलागणीला तिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. पाला खातात, तिथेच मिलन होतं आणि पहाटे माद्या अंडी घालायला पुन्हा मातीत शिरतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. ऑगस्टमध्ये उसाचं बेट हाताने उपटून येतं, ते याच अंड्यांतून निघालेल्या अळ्यांमुळे. झाडाखाली ताडपत्री पसरा, काठीच्या आकड्याने फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. हे पंधरा-वीस दिवस रोज आणि गावाने मिळून करायला हवं. एकट्याने आपल्या बांधावर केलं तर शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्याच रानात येतात. अळी मोठी झाल्यावर औषधावर कितीही खर्च केला तरी पुरा पडत नाही, म्हणून ही संध्याकाळची वेळ दवडू नका.

कांद्याच्या चाळीला वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधा, पण ऊन पडताच ती वर करा. आत दमट हवा कोंडली तर भिजण्याइतकंच नुकसान होतं. विदर्भात मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) ताणावर, म्हणजे पाणी तोडून, सोडलेल्या संत्र्याला असा पाऊस अवेळी पालवी आणतो. चर काढून पाणी बाहेर घालवा, खत देण्याची घाई करू नका आणि वाढरोधक फवारायचं तर कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊनच.

भिजलेला कडबा तसाच रचून ठेवू नका, बुरशी धरते आणि जनावरांना बाधते. ज्वारीच्या धसकटांना पावसानंतर फुटलेले कोवळे पोंगे त्याहून धोक्याचे. पाण्याच्या ताणानंतरच्या या फुटव्यात विष असतं, गाय-म्हैस थोड्या वेळात दगावू शकते. असं रान नांगरून होईपर्यंत तिथे जनावरं सोडू नका. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस अजून दिली नसेल तर नवं गवत उगवायच्या आत पशुवैद्यकाकडून टोचून घ्या.