नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये सिक्लिड माशांच्या पैदाशीची टाकी

सिक्लिडची (एंजल, तिलापिया हे मासे ज्या कुळातले, त्या माशांची) पैदास करायची असेल तर मासा आवडीनुसार निवडण्याआधी घरच्या नळाचे पाणी तपासावे. नवी मुंबई महापालिकेच्या बहुतांश भागांना मोरबे धरणाचे पाणी मिळते आणि पावसाचे साठवलेले हे पाणी साधारणपणे मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते. सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल तर मात्र हा अंदाज चुकतो, म्हणून सामू (pH) आणि कठीणपणा (क्षारांचे प्रमाण) मोजणारा किट आधी घ्यावा. मृदू पाण्यात एंजल सहज अंडी घालतात, त्यामुळे नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पैदाशीची टाकी दिवाणखान्याच्या शोभेसाठी नसते. एंजलच्या एका जोडीला 24 इंच लांब, 15 इंच रुंद आणि 18 इंच उंच, म्हणजे सुमारे 100 लिटरची टाकी पुरते. भरल्यावर तिचे वजन 100 किलोच्या वर जात असल्याने ती भक्कम लोखंडी स्टँडवर, भिंतीलगत ठेवावी. तळाला वाळू घालू नये, कारण उघड्या काचेवरची घाण नळीने लगेच ओढून काढता येते. पिल्ले ओढली जाऊ नयेत म्हणून स्पंज फिल्टरच वापरावा, आणि एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे पंपात उतरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) घालवावे. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्पंजमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

एंजलमध्ये नर-मादी ओळखणे अवघड असते, म्हणून सहा लहान मासे एकत्र वाढवून जोडी त्यांची त्यांनाच जमवू द्यावी. अंड्यांसाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा तिरका उभा करावा. घरी पडलेला कडप्पा वापरू नये, कारण तो चुनखडक असल्याने पाणी हळूहळू कठीण करतो. नवी जोडी पहिली अंडी बहुधा खाऊन टाकते. तसे झाल्यास पुढच्या वेळी पाइप त्याच पाण्याच्या छोट्या टाकीत हलवून, पाणी फिकट निळे होईल इतके मिथिलीन ब्लू हे बुरशीरोधक औषध घालावे आणि अंड्यांजवळून बुडबुडे जाऊ द्यावेत. सुमारे 28 अंश तापमानाला अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पण पिल्ले मोकळी पोहू लागेपर्यंत आणखी चार-पाच दिवस जातात. त्याआधी खाद्य टाकल्यास पाणी फक्त सडते. पोहू लागताच अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया (कोळंबीसारखा सूक्ष्म जीव) दिवसातून तीन वेळा द्यावा.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या यलो लॅब या पिवळ्या सिक्लिडला याउलट कठीण, 8 च्या आसपास सामू असलेले पाणी लागते. त्यासाठी तिसऱ्यांची (शिंपल्यांची) उकळून स्वच्छ केलेली टरफले जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडावीत. अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, त्यामुळे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलण्यात हयगय चालत नाही. मादी अंडी-पिल्ले तीन-चार आठवडे तोंडात सांभाळते आणि त्या काळात सहसा खात नाही. तिला शांतता मिळावी म्हणून एका नरामागे किमान तीन माद्या आणि लपायला मातीच्या कुंड्या असाव्यात.

जादा पिल्ले मत्स्यालयाच्या दुकानदाराला द्यावीत. नेरूळच्या किंवा ठाण्याच्या तलावात सोडू नयेत, कारण 1952 साली भारतात आणलेला आणि आता ठिकठिकाणच्या पाणवठ्यांत पसरलेला तिलापिया हाही सिक्लिडच आहे.