मका तोडायच्या आधी एकरी उतारा कसा काढायचा

धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून "एकरी तीस क्विंटल तर होतेच" म्हणणारे आमच्या सावनेरकडे गावोगाव आहेत. धुऱ्याकडच्या झाडांना ऊन-हवा मोकळी मिळते, कणसं चांगली भरतात. नाहीतर रानडुकरांनी तिथंच धिंगाणा घातलेला असतो. अंदाज दोन्हीकडून फसतो. म्हणून मी टेप घेऊन सरळ वावरात शिरतो.

दाण्यात नख रोवल्यावर दूध निघायला लागलं की मोजायला हरकत नाही. कणसाचे केस बाहेर पडल्यावर साधारण तीन आठवड्यांनी ही वेळ येते.

दोन तासांत (पेरलेल्या ओळींत) ६० सेंमी अंतर असेल तर एकाच तासात ६.७५ मीटर लांबी मोजा. ७५ सेंमी असेल तर ५.४ मीटर. एवढी जागा म्हणजे एकराचा हजारावा भाग. तिथली दाणे भरलेली सगळी कणसं मोजा आणि दर पाचवं तोडा. खरी गडबड इथं होते, कारण हात आपोआप जाडजूड कणसाकडे जातो. पाचवं कणीस लष्करी अळीनं कुरतडलेलं निघालं तरी तेच घ्यायचं.

सोलून कणसावरच्या ओळी मोजा. त्या सम येतात: १२, १४, १६. विषम आल्या तर पुन्हा मोजा. मग एका ओळीतले दाणे मोजा, शेंड्याचे बारके सोडून. असं सहा-सात ठिकाणी करा, पाणी साचणाऱ्या खोलगट भागातही, आणि सरासरी काढा.

समजा २६ कणसं, १४ ओळी, ओळीत २८ दाणे. गुणाकार १०,१९२. त्याला ४ नं भागलं की एकरी किलो: २,५४८, म्हणजे साडेपंचवीस क्विंटल.

भागायचा हा ४ चा आकडा एक हजार दाण्यांचं वजन २५० ग्रॅम धरून आलाय, आणि तोच डळमळीत आहे. दाणा भरताना पावसानं दडी मारली की दाणा हलका राहतो. मग मी ५ नं भागतो. गेल्या वर्षीचा त्याच वाणाचा वाळलेला मका घरी असेल तर हजार दाणे मोजून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा; १००० ला त्या ग्रॅमांनी भागलं की ४ च्या जागी घ्यायचा आकडा मिळतो. कंटाळवाणं काम आहे, पोरांना बसवा.

एकरी उताऱ्याचा हा आकडा वाळलेल्या मक्याचा. २५ टक्के ओल असलेला १०० किलो मका १४ टक्क्यांवर आला की ८७ किलो भरतो. कळमन्याला (नागपूरच्या बाजारात) न्यायचा हिशेब वाळल्या मालावर करा. थ्रेशरखाली लावायचे कट्टे (पोती) मात्र ओल्या मालाच्या हिशेबानं मागवा.